घरासाठी मॉनिटर निवडताना आधी टेबल मोजा

इंदूरच्या सुदामा नगरात माझ्या ताईच्या घरी संगणक एकच आहे आणि त्याच्यापुढे दिवसभरात तीन माणसे बसतात. सकाळी ताई कार्यालयाचे हिशेब एक्सेलमध्ये करते, दुपारी आई मराठी वर्तमानपत्रांचे ई-अंक वाचते आणि क्लासवरून परतला की भाचा गेम खेळतो. जुना मॉनिटर मान टाकू लागला तेव्हा नव्याची यादी भाच्यानेच केली : "मामा, एकशे चव्वेचाळीस हर्ट्झ, एक मिलिसेकंद, एचडीआर, आणि सत्तावीस इंचांपेक्षा कमी नको." ताईची मागणी एका वाक्याची होती, अक्षर स्वच्छ दिसले पाहिजे. या दोन मागण्या मुळात एकमेकींच्या विरुद्ध नाहीत; मात्र खोक्यावर छापलेल्या आकड्यांपासून सुरुवात केली तर त्या विरुद्ध होऊन बसतात, आणि ज्या टेबलावर मॉनिटर राहणार त्या टेबलापासून सुरुवात केली तर बराचसा गुंता आपोआप सुटतो. म्हणून आम्ही पहिल्यांदा मोजपट्टी घेतली. टेबलाची खोली ६० सेंटीमीटर होती, आणि खुर्चीत नीट टेकून बसलेल्या माणसाच्या डोळ्यांपासून पडद्यापर्यंतचे अंतर ६५ सेंटीमीटर भरले. पुढचा सगळा विचार या आकड्यावर उभा आहे.

मॉनिटरचा आकार इंचांत सांगतात तो एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचा, म्हणजे कर्णाचा असतो. नेहमीच्या रुंद ठेवणीत २४ इंची पडदा सुमारे ५३ सेंटीमीटर रुंद आणि ३० सेंटीमीटर उंच भरतो, तर २७ इंची पडदा सुमारे ६० सेंटीमीटर रुंद आणि ३४ सेंटीमीटर उंच. या क्षेत्रात चित्राचे किती ठिपके, म्हणजे पिक्सेल, बसवले आहेत हे रिझोल्यूशन सांगते. फुल एचडीमध्ये आडवे १९२० आणि उभे १०८० मिळून सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात. क्यूएचडीमध्ये २५६० आणि १४४० मिळून सुमारे ३६.९ लाख, आणि फोर-केमध्ये ३८४० व २१६० मिळून सुमारे ८२.९ लाख, म्हणजे फुल एचडीच्या बरोबर चौपट. आकार आणि रिझोल्यूशन हे दोन आकडे सुटे वाचून काहीच कळत नाही, कारण डोळ्याला जाणवते ती पिक्सेलांची दाटी. २४ इंची फुल एचडी पडद्यावर एका इंचात सुमारे ९२ पिक्सेल येतात. तेच फुल एचडी २७ इंचांवर पसरले की ८२ उरतात. २७ इंची क्यूएचडीमध्ये १०९ येतात आणि ३२ इंची क्यूएचडीमध्ये पुन्हा ९२.

आता यात टेबलाचे अंतर घालून पाहावे. निकोप दृष्टीच्या माणसाला एका अंशाच्या साठाव्या भागाएवढ्या कोनातले दोन ठिपके वेगळे ओळखता येतात. या हिशेबाने २७ इंची फुल एचडी पडद्यावरचे पिक्सेल डोळ्याला एकजीव वाटण्यासाठी सव्वा मीटर नव्हे तरी एक मीटरहून थोडे अधिक अंतर लागते. २४ इंची फुल एचडीला सुमारे ९५ सेंटीमीटर, २७ इंची क्यूएचडीला सुमारे ८० आणि २७ इंची फोर-केला ५३ सेंटीमीटर पुरतात. आपल्या घरांतल्या टेबलांवर ६० ते ७० सेंटीमीटरच मिळतात, त्यामुळे पहिल्या तिन्ही पडद्यांवर थोडाफार दाणेदारपणा राहणारच. प्रश्न एवढाच की तो खुपतो किती. चार वर्षांपूर्वी मी स्वतःसाठी २७ इंची फुल एचडी मॉनिटर घेतला होता, कारण दुकानात दोन मीटरांवरून तो भव्य दिसत होता आणि दुकानदारानेही मोठा पडदा म्हणजे डोळ्यांना आराम असे खात्रीने सांगितले होते. घरी आणल्यावर दुसऱ्याच दिवशी मराठी मजकूर वाचताना डोळे ताणले जाऊ लागले आणि कारण समजायला मला महिना लागला.

याच ठिकाणी मराठी वाचणाऱ्याने जरा थांबावे, कारण मॉनिटरविषयीचे बहुतेक सल्ले रोमन लिपी डोळ्यांपुढे ठेवून दिलेले असतात. विंडोजमध्ये कोणताही बदल न करता ११ पॉइंटचे अक्षर घेतले तर त्याच्या पूर्ण उंचीला जेमतेम १५ पिक्सेल मिळतात. रोमन अक्षराला तेवढे पुष्कळ झाले. देवनागरीला मात्र त्याच पंधरांत वरची मात्रा, रफार आणि अनुस्वार, मग शिरोरेषा, मग अक्षराचा देह आणि त्याखाली उकार एवढे सगळे बसवायचे असते. कमी दाटीच्या पडद्यावर शिरोरेषा एका पिक्सेलची होते, रफाराला अनुस्वार चिकटतो, आणि 'रु' व 'रू' यांतला ऱ्हस्व-दीर्घाचा फरक दोन-तीन ठिपक्यांवर येऊन ठेपतो. 'राष्ट्र', 'उद्ध्वस्त', 'ज्येष्ठ' यांसारख्या शब्दांतली जोडाक्षरे तर आपण अक्षरे पाहून वाचत नाही, शब्दाच्या एकूण आकारावरून अंदाजाने ओळखतो, आणि तोच अंदाज तासन्‌तास करत राहिल्याने थकवा येतो. तेवढ्याच लांबी-रुंदीचे अक्षर २७ इंची क्यूएचडीवर काढले की त्याला १५ ऐवजी सुमारे २० पिक्सेल मिळतात. हा फरक कागदावर लहान दिसतो, परंतु आईसारख्या सत्तरीतल्या वाचकाच्या दृष्टीने दुपार सुखात जाणे न जाणे त्यावर ठरते. म्हणून माझे मत असे आहे की ज्या घरात मराठी किंवा हिंदी मजकूर रोज वाचला जातो, तिथे २७ इंचांना फुल एचडी घेऊच नये. बजेट तेवढेच असेल तर २४ इंची फुल एचडी घ्यावा.

मग थेट फोर-के का नको, असे ताईने विचारले. केवळ वाचन आणि कार्यालयीन काम असते तर मी तोच घे म्हटले असते. अडचण गेमची आहे. गेममधले प्रत्येक चित्र ग्राफिक्स कार्डाला पिक्सेलागणिक मोजून काढावे लागते, आणि फोर-केमध्ये ते ओझे फुल एचडीच्या चौपट होते. मध्यम ताकदीचे कार्ड फुल एचडीत जो गेम सुरळीत चालवते, तोच फोर-केवर अडखळू लागतो. रिझोल्यूशन उतरवून खेळता येते, पण एलसीडी पडद्याचे पिक्सेल जागच्या जागी पक्के बसवलेले असतात, त्यामुळे मूळ मापापेक्षा कमी मापाचे चित्र ताणून दाखवताना ते किंचित धुरकट होते. एनव्हिडियाचे डीएलएसएस आणि एएमडीचे एफएसआर ही तंत्रे कमी पिक्सेलांचे चित्र हुशारीने मोठे करून हा धुरकटपणा बराच घालवतात, मात्र गेममध्ये ती सोय असावी लागते. भाच्याचे कार्ड मध्यम प्रतीचे आहे, आणि क्यूएचडीचे ओझे फुल एचडीच्या पावणेदोनपटीहून थोडेच अधिक असल्याने ते त्याला पेलण्यासारखे होते.

आता हर्ट्झ. रिफ्रेश रेट म्हणजे पडदा एका सेकंदात किती वेळा नवे चित्र दाखवू शकतो. हा विषय निघाला तेव्हा घरी आलेल्या, वीज मंडळातून निवृत्त झालेल्या शेजारच्या काकांनी एक रास्त शंका काढली : आपल्याकडची वीज तर ५० हर्ट्झची, मग मॉनिटर १४४ ने चालेल कसा? उत्तर असे की घरातली प्रत्यावर्ती वीज मॉनिटरमध्ये शिरताच तिची एकदिश वीज होते आणि पडद्याचा ठेका त्याच्या आतल्या स्वतंत्र मंडलातून ठरतो. भिंतीतल्या ५० हर्ट्झशी त्याचा संबंध उरत नाही. ६० हर्ट्झच्या पडद्यावर दोन चित्रांमध्ये १६.७ मिलिसेकंद जातात, १४४ वर ६.९ आणि २४० वर ४.२. म्हणजे ६० वरून १४४ वर गेल्याने जवळजवळ दहा मिलिसेकंद वाचतात आणि १४४ वरून २४० वर गेल्याने तीनही वाचत नाहीत. पहिली उडी कोणालाही दिसते, अगदी एक्सेलचा लांब तक्ता वरखाली सरकवतानाही दिसते. दुसरी उडी स्पर्धेच्या तयारीने नेमबाजीचे गेम खेळणाऱ्यालाच उपयोगी पडते. शिवाय पडदा १४४ वेळा तयार असला तरी कार्डाने तेवढी चित्रे पुरवायला हवीत. व्हॅलोरंटसारखा हलका गेम साध्या कार्डावरही सेकंदाला शंभराच्या वर चित्रे देतो. मोठ्या जगाचे, भरगच्च देखाव्यांचे गेम त्याच कार्डावर साठच्या आसपास घुटमळतात.

कार्ड आणि पडदा यांचा ठेका जुळला नाही की पडद्याच्या वरच्या भागात एक चित्र आणि खालच्या भागात पुढचे चित्र दिसते, आणि गेममध्ये वेगाने मान वळवताना इमारतींचे खांब मधोमध चिरल्यासारखे वाटतात. यावरचा उपाय म्हणजे पडद्याने आपला ठेका सोडून कार्डाच्या ठेक्याने चालणे. एनव्हिडियाने २०१३ साली जी-सिंक या नावाने हे आणले, त्यासाठी मॉनिटरमध्ये वेगळा महागडा भाग लागत असे. नंतर एएमडीचे फ्रीसिंक खुल्या मानकावर उभे राहिले आणि २०१९ पासून एनव्हिडियाची कार्डेही त्याच मानकाच्या मॉनिटरांशी जुळवून घेऊ लागली. त्यामुळे आज जी-सिंकच्या नावासाठी वेगळे पैसे मोजण्याची गरज घरगुती ग्राहकाला नाही. मध्यम कार्ड असलेल्यांना तर ही सोय १४४ च्या आकड्यापेक्षाही जास्त उपयोगाची आहे, कारण त्यांचीच चित्रे सेकंदाला कधी ५५ तर कधी ९० अशी कमीजास्त होत असतात.

"एक मिलिसेकंद" या आकड्यावर मात्र मी अजिबात भरवसा ठेवत नाही. तो पिक्सेलला एका छटेतून दुसऱ्या छटेत जायला लागणारा वेळ असतो, पण कोणत्या छटेतून कोणत्या छटेत हे उत्पादक आपल्या सोयीने निवडतो, आणि पिक्सेलला जादा धक्का देणारी सेटिंग सर्वांत वरच्या पायरीवर ठेवून तो मोजतो. ती पायरी घरी वापरली तर धावत्या आकृतीच्या कडेला उलट्या रंगाची झालर उमटते. काही खोक्यांवर एमपीआरटी असे लिहून एक मिलिसेकंद छापलेला असतो. ती मोजणीच निराळी आहे, आणि ती साधायला पडद्यामागचा प्रकाश दर चित्रामागे क्षणभर विझवावा लागतो, त्यामुळे उजेड कमी होतो. जादा धक्क्याच्या सेटिंगची मधली पायरी ठेवावी आणि हा आकडा विसरावा.

पॅनेलचा, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या काचेच्या थराचा, प्रकार मात्र विसरू नये. टीएन प्रकारचे पडदे वेगवान आणि स्वस्त, परंतु बाजूने पाहिले की रंग उडतात आणि खालून पाहिले की चित्र काळवंडते. आयपीएस हा प्रकार १९९६ साली जपानच्या हिताची कंपनीने पुढे आणला तो नेमका हाच दोष काढण्यासाठी. आईच्या शेजारी स्टूल घेऊन बसलेल्या माणसालाही तोच रंग दिसतो. त्याची उणीव काळ्या रंगात आहे. आयपीएसमध्ये सर्वांत उजळ आणि सर्वांत काळ्या ठिकाणचे प्रमाण साधारण हजारास एक असते, म्हणून दिवे मालवून खेळताना रात्रीचे आकाश राखाडी दिसते. व्हीए पॅनेलमध्ये ते प्रमाण तीन हजारास एक किंवा त्याहून चांगले मिळते आणि काळा खरोखर काळा होतो. उलट अंधाऱ्या प्रसंगात पिक्सेल सावकाश बदलत असल्याने धावणाऱ्या आकृतीमागे काळपट शेपूट राहते. एकट्याने, काळोख्या खोलीत, सावकाश चालणारे गेम आणि सिनेमे पाहायचे असतील तर मी व्हीए घेईन. तीन माणसांच्या घरात आयपीएस.

ओएलईडीचा मोह भाच्याला पडलाच. त्यात प्रत्येक पिक्सेल स्वतः प्रकाश देतो, म्हणून काळा म्हणजे पूर्ण विझलेला, आणि वेग इतर कोणत्याही पॅनेलपेक्षा जास्त. तरीही या घरासाठी मी दोन कारणांनी नको म्हटले. ताईच्या एक्सेलची पट्टी आणि खालचा टास्कबार रोज सहा-सात तास एकाच जागी उजळत राहिला की तिथले पिक्सेल लवकर झिजतात आणि काही वर्षांत त्याचा पुसट ठसा उरू शकतो. दुसरे कारण पुन्हा आपल्या लिपीचे. नेहमीच्या एलसीडीत प्रत्येक पिक्सेलमधले लाल, हिरवा, निळा हे उपठिपके शेजारी-शेजारी उभे असतात आणि विंडोज अक्षरांच्या कडा ती मांडणी गृहीत धरून गुळगुळीत करते. क्यूडी-ओएलईडी पॅनेलांत ते त्रिकोणात मांडलेले असतात, त्यामुळे आडव्या कडांना वर हिरवट आणि खाली जांभळट किनार दिसू शकते. रोमन मजकुरात अशा आडव्या कडा तुटक असतात. देवनागरीत शिरोरेषा ओळभर चालते. दाटी वाढली की ही किनार दिसेनाशी होत जाते, म्हणून कधी घेतलाच तर जास्त दाटीचा, आणि स्वतः मराठी मजकूर उघडून पाहिल्यावरच घ्यावा.

एचडीआरचे थोडक्यात सांगतो. त्याचा खरा अर्थ एकाच चित्रात झगझगीत आणि गडद भाग एकत्र दाखवणे असा आहे, आणि त्यासाठी पडद्याचे वेगवेगळे भाग वेगवेगळे मंद-प्रखर करता आले पाहिजेत. डिस्प्लेएचडीआर ४०० या खालच्या पायरीच्या शिक्क्याला ती सोय लागत नाही. स्वस्त मॉनिटरवरच्या या शिक्क्यासाठी एक रुपयाही जास्त देऊ नये.

आमच्याकडे पडद्याच्या उजेडाचा प्रश्न वेगळ्याच बाजूने आला. ताईच्या खोलीची खिडकी पश्चिमेला आहे, आणि माळव्यातले एप्रिल-मेचे ऊन चार वाजता थेट टेबलावर उतरते. अशा खोलीत ३०० ते ३५० निट्स उजेडाचा, चकाकी मोडणाऱ्या मॅट पडद्याचा मॉनिटर हवा. २५० निट्सचा तिथे फिका पडतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे खिडकी पडद्याच्या समोर किंवा मागे न येता बाजूला यावी, म्हणून आम्ही टेबलच काटकोनात फिरवले. स्टँडची उंची बदलता येणे ही सुविधा लोक शेवटी पाहतात, ती मी फार वर धरतो, कारण पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला किंवा जराशी खाली असावी लागते, आणि आई व भाचा यांच्या बसण्यातच वीतभर फरक आहे. उंची हलत नसेल तर निदान मागे ७५ किंवा १०० मिलिमीटरच्या चौकोनी भोकांची व्हेसा सोय असावी, म्हणजे पुढे मॉनिटर हवा तसा धरून ठेवणारा आधाराचा हात बसवता येतो.

खरेदीला आम्ही आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये गेलो. पेनड्राइव्हमध्ये ताईचा एक तक्ता, एक मराठी लेख आणि एक पूर्ण काळे चित्र नेले होते. दुकानात सगळे मॉनिटर झगझगीत व्हिडिओ दाखवत असतात आणि त्यात सगळेच छान दिसतात. लेख उघडून ६५ सेंटीमीटरांवर बसल्यावर पाचांपैकी दोन तिथेच गळाले. मागची केबल जोडण्याची भोकेही पाहून घ्यावीत. जुन्या एचडीएमआय १.४ वर फोर-के सेकंदाला ३० चित्रांपुढे जात नाही आणि माउसचा बाण ओढल्यासारखा चालतो. क्यूएचडी १४४ साठी डिस्प्लेपोर्ट किंवा दोन्हीकडे एचडीएमआय २.० हवे. यूएसबी-सीचे भोक दिसले म्हणून त्यातून चित्र जातेच असे नाही, हे लॅपटॉप जोडणाऱ्यांनी आधी विचारून घ्यावे. किती बंद पडलेले पिक्सेल असतील तर मॉनिटर बदलून मिळेल, हेही बिल करण्यापूर्वी विचारावे, कारण एखाद्या ठिपक्यासाठी बरेच उत्पादक बदलून देत नाहीत. फारच मोठा पडदा घेणाऱ्यांना एक दिलासा आहे : ३२ इंचांहून मोठ्या मॉनिटरवरचा २८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के झाला आहे.

आम्ही २७ इंची, क्यूएचडी, आयपीएस, १६५ हर्ट्झ, फ्रीसिंक असलेला मॉनिटर घेतला. त्या रात्री दहा वाजता भाच्याचा फोन आला, "मामा, मला तर काहीच फरक दिसत नाहीये." मी दोन गोष्टी तपासायला सांगितल्या. त्याने केबल संगणकाच्या वरच्या भागातल्या मदरबोर्डच्या, म्हणजे संगणकाच्या मुख्य पाटीच्या, भोकात लावली होती, त्यामुळे खालचे ग्राफिक्स कार्ड पडद्याला थेट जोडलेलेच नव्हते. ती त्याने कार्डाच्या डिस्प्लेपोर्टमध्ये लावली. मग विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टिम, डिस्प्ले, अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले असे जाऊन पाहिले तर रिफ्रेश रेट ६० वरच होता, कारण नवा मॉनिटर जोडल्यावर विंडोज तो स्वतःहून वाढवतेच असे नाही. १६५ निवडल्यावर फोनवर त्याचा आवाजच बदलला.

दुसऱ्या दिवशी मी उजेड लावून दिला. मॉनिटर कारखान्यातून दुकानात उठून दिसेल एवढा प्रखर करून येतो, घरी तो तसाच ठेवला की संध्याकाळी डोळ्यांत पाणी येते. पडद्यावर कोरी पांढरी फाइल उघडावी, शेजारी पांढरा कागद धरावा आणि दोन्ही सारखेच उजळ दिसेपर्यंत ब्राइटनेस उतरवत जावा. ताईच्या खोलीत दुपारी तो ७० वर स्थिरावला आणि दिवेलागणीनंतर ३० वर. आईसाठी अक्षरांचे माप १२५ टक्के केले आणि ते आकडे लिहिलेली चिठ्ठी स्टँडच्या मागे चिकटवून ठेवली आहे.